कार्यक्रमाचे चित्रीकरण करताना आवाज जपू या

आता प्रत्येक भीमजयंतीचे, धम्म परिषदेचे चित्रीकरण होते. चित्र स्वच्छ येते. आवाज मात्र हरवतो. गेवराईत आम्ही एकदा नामांतर लढ्यात उतरलेल्या एका आजींच्या आठवणी चित्रित केल्या. कॅमेरा मंडपाच्या टोकाला, शेजारी जनरेटर. नंतर पाहिले तर आजींचे ओठ हलत होते आणि ऐकू येत होती फक्त घरघर! पुढच्या वर्षी आजी राहिल्या नाहीत. म्हणून समाजबांधवांसाठी व विद्यार्थ्यांसाठी हे चार शब्द.

असे का होते? गलक्यातही आपण हवे ते ऐकतो. माइकला अशी निवड करता येत नाही. उघड्या जागी बोलणाऱ्यापासूनचे अंतर दुप्पट झाले की आवाज सुमारे ६ डेसिबलने घटतो. झूम केल्याने चित्र जवळ येते, आवाज नाही. म्हणून पहिला नियम : कॅमेरा कोठेही असो, माइक तोंडाजवळ हवा. मुलाखतीत तो तोंडाखाली वीतभर अंतरावर कपड्याला लावावा.

भाषणाचा आवाज साऊंडवाल्याच्या मिक्सरमधून घेता येतो. परंतु तो जोरकस असतो. थेट माइकच्या खाचेत दिल्यास फाटतो. शिवाय मिक्सरमध्ये माइकसमोरचेच येते. गायन पार्टीला श्रोत्यांनी दिलेली साथ हवी असेल, तर दुसरे रेकॉर्डर मंचासमोर ठेवावे. सुरुवातीला कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवावी, म्हणजे चित्र व आवाज नंतर जुळवता येतात.

आवाजाची पातळी आपोआप ठरवणारी सोय बंद ठेवावी. नाहीतर वंदनेनंतरच्या शांततेत पंख्याचा आवाज मोठा होतो. कोरसचा सर्वांत मोठा आवाज उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील, असे आधीच तपासावे. वाऱ्यासाठी माइकवर फोमची टोपी घालावी. कानाला हेडफोन लावून शेवटपर्यंत ऐकत राहणारा एक कार्यकर्ता नेमावा.

शाहीर विलास घोगरे १९९७ साली गेले. आनंद पटवर्धनांच्या ‘हमारा शहर’ (१९८५) या माहितीपटात त्यांचे गाणे आहे, म्हणून तो आवाज आजही ऐकता येतो. १९७८ ते १९९४ या काळातील नामांतर लढ्याचे साक्षीदार आता थकले आहेत. त्यांचे शब्द पुढच्या पिढीच्या कानी पडावेत, एवढीच आमची विनंती.

जयभीम!