चार मिलिमीटरचा हिशेब

फोक्सवॅगन कंपनीची शेवटची मूळ बीटल मोटार २००३ च्या जुलै महिन्यात मेक्सिकोतील प्वेब्ला येथील कारखान्यातून बाहेर पडली. तोपर्यंत या एकाच घडणीच्या २ कोटी १५ लाखांहून अधिक गाड्या तयार झाल्या होत्या. उत्पादन थांबले, पण तिच्या इंजिनावरील काम थांबले नाही. जर्मनीपासून कॅलिफोर्नियापर्यंत आजही काही कार्यशाळांत या इंजिनासाठी अधिक शक्ती देणारी सिलिंडर हेड्स घडवली जातात. जुन्या वस्तूभोवती नवा व्यवसाय कसा जगतो आणि त्यातील खरे कसब कोठे असते, हे व्यापारी घरांतील वाचकांना जाणून घेण्याजोगे आहे.

हेडचे काम

हेड म्हणजे सिलिंडरच्या तोंडावर घट्ट आवळलेले ॲल्युमिनियमचे ओतीव झाकण. हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण आत घेणारा व्हॉल्व्ह, जळलेला वायू बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह आणि ठिणगी देणारा स्पार्क प्लग या तिघांचे स्थान त्यातच असते. बीटलच्या इंजिनात चार सिलिंडर दोन-दोनच्या जोडीने आडवे बसवलेले असतात, म्हणून हेड्सही दोन.

बहुतेक मोटारींत येथील उष्णता पाणी वाहून नेते. बीटलमध्ये पाणीही नाही आणि रेडिएटरही नाही. एक पंखा हवा ढकलतो आणि ती हवा हेडच्या बाहेरील पातळ पात्यांमधून जाताना उष्णता घेऊन जाते. आपल्याकडील बुलेट मोटारसायकलच्या इंजिनावर दिसणारी पाती हेच काम करतात. म्हणजे या हेडला दोन धर्म एकाच वेळी पाळावे लागतात: हवेला आत वाट द्यायची आणि उष्णतेला बाहेर वाट द्यायची.

उणिवेतून उभा राहिलेला व्यवसाय

मूळच्या हेडमध्ये दोन सिलिंडरना मिळून हवा आत येण्याची वाट एकच होती. इंजिनाचा वेग वाढला की ती अपुरी पडे. जर्मनीतील गेरहार्ड ओटिंगर यांनी १९५० च्या दशकाच्या प्रारंभी प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र वाट देणारी हेड्स आणि दोन कार्ब्युरेटर यांचा संच ‘ओक्रासा’ या नावाने विक्रीस आणला. खुद्द कंपनीने बीटलला अशी दुहेरी वाटेची हेड्स दिली ती १९७१ च्या मॉडेलपासून. एका लहान कार्यशाळेने ओळखलेली गरज मोठ्या कारखान्याने सुमारे वीस वर्षांनी मान्य केली.

दुसरे उदाहरण कॅलिफोर्नियातील रिव्हरसाइडचे. तेथील फोक्सवॅगनचे विक्रेते जो व्हिटोनी यांच्यापुढे १९५० च्या दशकात वेगळीच अडचण होती. व्हॉल्व्हचा दांडा ज्या नळीत सरकतो, ती व्हॉल्व्ह गाइड झिजली की संपूर्ण हेड बदलावे लागे. झीज एका लहानशा नळीची आणि भुर्दंड अख्ख्या हेडचा! व्हिटोनी यांनी बदलता येणारी गाइड तयार करून विकण्यास आरंभ केला. त्यातूनच पुढे ‘एम्पी’ हे बीटलच्या सुट्या भागांतील प्रख्यात नाव उभे राहिले. ग्राहकाचे नुकसान वाचवण्यात व्यवसाय असतो, हे त्यांनी नेमके हेरले.

वाढ आणि तिची किंमत

आता प्रत्यक्ष हेडकडे वळू. बीटलच्या १५८४ सीसी इंजिनात आत घेणारा व्हॉल्व्ह ३५.५ मिलिमीटरचा आणि बाहेर सोडणारा ३२ मिलिमीटरचा असतो. पहिला ४० मिलिमीटरचा केला, तर व्यासातील वाढ साडेचार मिलिमीटरचीच दिसते. पण क्षेत्रफळ सुमारे २७ टक्क्यांनी वाढते. हा लाभ मोठा आहे. मग आणखी वाढवावे असा मोह कोणालाही होईल.

येथेच हिशेब आडवा येतो. या सिलिंडरचा व्यास ८५.५ मिलिमीटर. त्यात ४४ आणि ३७.५ मिलिमीटरचे व्हॉल्व्ह शेजारी शेजारी बसवले, तर कागदावर उरतात अवघे चार मिलिमीटर. दोन्ही व्हॉल्व्हची पोलादी आसने, त्यांच्यामधील ॲल्युमिनियमचा पूल आणि कडेची जागा एवढ्यात भागवणे अवघड. या हेडला तडा जातो तो बहुधा याच पुलावर किंवा आसनापासून स्पार्क प्लगच्या छिद्राकडे. म्हणून जाणते कारागीर मोठ्या व्हॉल्व्हसाठी आधी ९०.५ किंवा ९४ मिलिमीटरचे सिलिंडर घेतात, तर काही जण १४ मिलिमीटरऐवजी १२ मिलिमीटरचा स्पार्क प्लग बसवून तेवढी धातू वाचवतात.

उष्णतेचाही असाच जमाखर्च आहे. अधिक मिश्रण जळले की अधिक उष्णता निर्माण होते आणि ती बाहेर नेणारी पाती तेवढीच राहतात. बीटलचा तिसरा सिलिंडर यासाठी कुप्रसिद्ध होता. तेल थंड करणारा भाग त्याच्या हवेच्या वाटेत उभा असल्याने तो इतरांहून अधिक तापे. १९७१ च्या मॉडेलमध्ये कंपनीने दुहेरी वाटेची हेड्स दिली, तेव्हाच तो भाग बाजूला सरकवून त्याला हवेची स्वतंत्र वाट दिली. आवक वाढवली आणि तिच्याबरोबर जावकेचीही सोय केली.

कसोटीची वाट

नवे हेड घडवताना कारागीर प्रथम फ्लो बेंच या यंत्रावर जुन्या हेडमधून किती हवा वाहते ते मोजतो. मग वाटेचा आकार थोडा बदलून पुन्हा मोजतो. कोठे धातू कोरतो, तर कोठे वेल्डिंगने भर घालतो. वाट अवाजवी रुंद केली की कमी वेगात हवेची गती मंदावते आणि शहराच्या रहदारीत गाडी निर्जीव वाटते. म्हणून सर्वांत मोठा आकडा नेहमीच सर्वांत चांगला नसतो.

त्यानंतर ज्वलनकक्षाचे माप येते. एका सिलिंडरचे आकारमान ३९६ सीसी आहे. वर उरणारी जागा ६० सीसी असेल, तर मिश्रण ७.६ पट दाबले जाते. तीच ५० सीसी केली, तर ८.९ पट. दाब वाढला की शक्ती वाढते, पण ताप आणि इंजिनाचे ठोकेही वाढतात. चारही कक्षांचे माप एकसारखे यावे म्हणून त्यांत काचेच्या मापनळीने द्रव भरून पाहतात.

शेवटचे काम सर्वांत साधे. ओतकामात पात्यांच्या फटींत धातूचे पापुद्रे राहून जातात आणि हवा अडवतात. बारीक कानशीने ते एकेक काढावे लागतात. या श्रमाने शक्तीचा आकडा वाढत नाही आणि ग्राहकाला ते दिसतही नाहीत. पण हेडचे आयुष्य मात्र वाढते.

म्हणूनच या क्षेत्रातील प्रामाणिक कारागीर ग्राहकाला प्रथम विचारतो, गाडी शर्यतीसाठी आहे की रोजच्या प्रवासासाठी? रोजच्या प्रवासासाठी असेल, तर तो मोठ्या व्हॉल्व्हचे महाग हेड न देता मध्यम मापाचे सुचवतो. त्या सौद्यात त्याला पैसे कमी मिळतात, पण तोच ग्राहक पुढे दहा वर्षे त्याच्या दाराशी येत राहतो.