एक डबी, दोन बिऱ्हाडे

गेल्या दिवाळीत मी येलदरीला थोरल्या बंधूंकडे गेलो होतो. परभणी जिल्ह्यातले हे आमचे गाव पूर्णा नदीवरच्या धरणामुळे आणि तिथल्या वीजघरामुळे ओळखले जाते. जाताना फराळाच्या डब्यांबरोबर तळहातावर मावेल अशी आणखी एक डबी घेतली होती. ती संगणकाला यूएसबीने जोडायची हार्ड डिस्क. आईने शेवटच्या उन्हाळ्यात जात्यावर बसून म्हटलेल्या ओव्यांचे चित्रण तीत होते. आई आता नाही, आणि त्या चित्रणाची दुसरी प्रत माझ्यापाशी नव्हती.

सारी मंडळी जमली. पुतण्याने डबी आपल्या विंडोजच्या संगणकाला लावली आणि म्हणाला, "काका, हा म्हणतो, आधी फॉरमॅट करा. 'हो' म्हणू का?"

"थांब रे बाबा!" मी ओरडलोच. वहिनींच्या हातातले चहाचे तबक हलले.

फॉरमॅट म्हणजे पाटी पुसणे. ती 'हो' दाबली असती, तर आईचा आवाज परत मिळण्याची खात्री कोणीच दिली नसती.

दोष डबीचा नव्हता, माझा होता. माझा संगणक लिनक्सचा. जुन्या पेन ड्राइव्हची मांडणी फॅट-३२ पद्धतीची होती. तीत एक फाईल ४ जीबीच्या आतलीच हवी, आणि चित्रण त्याहून मोठे. म्हणून मी नवी डबी आणली आणि लिनक्सच्या ईएक्सटी-४ पद्धतीने मांडून घेतली. ही मांडणी विंडोजला आपणहून वाचता येत नाही. मोडी न येणाऱ्याने जुने दप्तर कोरे समजावे, तसे त्याचे झाले!

उलट विंडोजची एनटीएफएस लिनक्सला वाचता येते. पण विंडोज नीट बंद न होता अर्धवट झोपलेला असेल, तर लिनक्स अशा डिस्कवर पुष्कळदा लिहू देत नाही. दोन्ही बिऱ्हाडांत सुखाने नांदते ती एक्सफॅट. मायक्रोसॉफ्टने ती २००६ साली आणली, २०१९ साली तिचा तपशील जगजाहीर केला, आणि त्याच वर्षी लिनक्सच्या गाभ्यात तिला जागा मिळाली.

परत आल्यावर मी आधी चित्रण दुसरीकडे उतरवून घेतले, ते चालते की नाही हे पाहिले, आणि मगच डबी एक्सफॅटने मांडली. तरी एक फाईल अडून बसली. हरिभाऊ आपट्यांच्या कादंबरीवरची माझी टिपणे, नाव 'पण लक्षात कोण घेतो?'. लिनक्सच्या मांडणीत चालणारे प्रश्नचिन्ह एक्सफॅटला आणि विंडोजला नावात चालत नाही. ते काढले, आणि फाईल मुकाट्याने गेली. मराठीच्या प्राध्यापकाला हा धडा विरामचिन्हाने दिला!

आणखी एक पथ्य. एक्सफॅटमध्ये अर्धवट राहिलेल्या कामाची नोंद ठेवणारी वही नसते. म्हणून डबी ओढून काढू नये, संगणकाचा रीतसर निरोप घेऊनच काढावी.

संक्रांतीला पुन्हा येलदरीला गेलो. या वेळी पुतण्याच्या संगणकाने काही विचारले नाही. जात्याची घरघर सुरू झाली आणि तीतून आईचा आवाज आला. वहिनींनी पदर डोळ्यांना लावला. दादा काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने म्हणाले, "याची एक प्रत इथेही ठेव."

ती मी आधीच ठेवली होती.