कायदा वाचणारे गाव

आरमोरीच्या आग्नेयेस, धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाने नवे कायदे आणि सरकारी हुकूम समजून घेण्यासाठी कचेरीच्या कृपेची वाट न पाहता गावातच अभ्यासगट स्थापन केला. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या पुढाकाराने तेथे जाणकारांना पाचारण करून विषयाची सांगोपांग चर्चा होई, आणि निर्णय मात्र ग्रामसभा सर्वसहमतीने घेई.

या व्यासंगाचे फळ बांबूच्या प्रकरणी प्रत्ययास आले. 1927 च्या वन अधिनियमात बांबूची गणना वृक्षांत होती, तर 2006 च्या वनहक्क कायद्याने त्यास स्पष्ट शब्दांत गौण वनोपज ठरविले; 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर वनावरील सामूहिक हक्क मिळूनही बांबूच्या वाहतूक परवान्यासाठी अडलेल्या गावाने हीच व्याख्या प्रमाण मानून आपला दावा लावून धरला, आणि एप्रिल 2011 मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या स्वाधीन झाले.

आज शासननिर्णय राज्याच्या संकेतस्थळावर विनामूल्य उपलब्ध असले, तरी भ्रमणध्वनीवर येणाऱ्या वार्तांच्या पुरात खरे-खोटे निवडण्याची जबाबदारी वाचकावरच येते. म्हणून कोणत्याही योजनेची बातमी हाती येताच मूळ शासननिर्णय काढावा, त्यावरील दिनांक व सांकेतांक ताडून पाहावा, पुढे शुद्धिपत्रक निघाले काय याची खातरजमा करावी, आणि संदिग्धता उरल्यास 2005 च्या माहिती अधिकार कायद्यान्वये अर्ज करावा; एकट्याने हे जड जात असेल, तर मेंढ्याच्या अभ्यासगटाप्रमाणे चारचौघांनी मिळून वाचावे.