गाडी एका बाजूला का झुकते?

एअर सस्पेन्शनच्या गाड्या आता निमाडातही दिसू लागल्या आहेत. ताईच्या सासरी निसरपुरला भाऊजींनी घेतलेली अशीच एक जुनी गाडी पावसाळ्यानंतर डावीकडे झुकू लागली. इंदूरच्या एका गॅरेजने सेन्सर आणि कॉम्प्रेसर दोन्ही बदलायला सांगितले. खर्चाचा आकडा ऐकून ताई गप्पच झाली. मी म्हटलं, ‘‘भाऊजी, आधी तपासून तर बघू.’’

चाक वरखाली झाले की एक छोटी दांडी पोझिशन सेन्सरची भुजा फिरवते आणि त्यावरून कॉम्प्युटरला गाडीची उंची कळते. बऱ्याच सेन्सरना तीन वायरी असतात: 5 व्होल्ट, अर्थ आणि सिग्नल. सिग्नल साधारण 0.5 ते 4.5 व्होल्टमध्ये बदलतो. स्कॅनरचा कोड गडबड कोणत्या सर्किटमध्ये आहे एवढेच सांगतो. सेन्सरच गेला, असा त्याचा अर्थ नाही.

तपासताना सिस्टिम जॅक मोडवर ठेवा आणि गाडी भक्कम स्टँडवर टेकवा. हवा निघाली तर गाडी एकदम खाली बसते. मग क्रमाने दांडी, कनेक्टरमधला गंज आणि 5 व्होल्टचा पुरवठा पाहा. शेवटी दांडी सोडवून भुजा हाताने सावकाश फिरवा. व्होल्ट सलग बदलले तर सेन्सर बहुधा ठीक. मध्येच उडी मारली तर खराब.

भाऊजींच्या गाडीत काळ्या मातीचा गोळा वाळून दांडीचा सांधा निखळला होता. दांडी बदलली, उंची पुन्हा कॅलिब्रेट करून घेतली आणि गाडी सरळ उभी राहिली. कॉम्प्रेसर जुनाच आहे.

मुलांनो, मल्टिमीटर वापरायला शिका. मोठे बिल भरण्यापूर्वी नेमके काय बिघडले आहे, हे विचारता येईल.