खैरागढची कात्रणं

गाणं शिकवणाऱ्या विद्यापीठाचा इतिहास जपणं फार अवघड. स्थापत्यशास्त्राच्या विद्यार्थ्याचा नकाशा उरतो, रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याचा प्रबंध उरतो. यमन मात्र मैफल उठली की संपला. मागे राहते ती कार्यक्रमपत्रिका, वर्तमानपत्रातली बोटभर बातमी, परीक्षेचं प्रवेशपत्र, पदवीदान समारंभाचा बिल्ला. खैरागढच्या इंदिरा कला संगीत विश्वविद्यालयाचे असे कागद आम्हा भिलाईकरांच्या घराघरांत पडून आहेत. कित्येक वर्षं मी त्यांच्या मागावर आहे.

विद्यापीठाची जन्मकथा थोडक्यात सांगतो. खैरागढचे राजे वीरेंद्र बहादुर सिंह आणि राणी पद्मावती देवी यांची मुलगी इंदिरा लहानपणीच गेली. तिच्या स्मरणार्थ त्यांनी आपला राजवाडा संगीताच्या विद्यापीठाला दिला. उद्घाटन इंदिरा गांधींच्या हस्ते झालं.

माझं मन खरं अडकतं ते उद्घाटनाच्या तारखेत. 14 ऑक्टोबर 1956. त्या दिवशी दसरा होता आणि नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. नागपूर तेव्हा मध्य प्रदेशाची राजधानी होती आणि खैरागढ त्याच राज्याच्या दुर्ग जिल्ह्यात. म्हणजे एकाच राज्यात, एकाच दिवशी, या दोन घटना. खैरागढची बातमी शोधणाऱ्याने त्या आठवड्याचे अंक उघडताना हे ध्यानात ठेवावं आणि पहिल्या पानावर न थांबता आतली पानं, जिल्हा वार्तापत्रं, अगदी तळातले चौकोनसुद्धा वाचावेत. मी हे अंक तासन्‌तास चाळू शकतो.

त्यानंतर अठराव्या दिवशी, 1 नोव्हेंबरला, राज्यांची पुनर्रचना झाली. विदर्भ मुंबई राज्यात गेला, छत्तीसगढ नव्या मध्य प्रदेशात राहिलं आणि राजधानी भोपाळला हलली. 1973 मध्ये दुर्ग जिल्ह्यातून राजनांदगाव वेगळा निघाला, 2000 मध्ये छत्तीसगढ राज्य झालं, 2022 मध्ये खैरागढच्या नावाचा जिल्हा आला. राजवाडा तसूभरही हलला नाही. राजधानी आणि जिल्हा कचेरी मात्र पुन्हा पुन्हा बदलत गेली. विद्यापीठाचा मागोवा घेणाऱ्याला नागपूर, भोपाळ, रायपूर, दुर्ग, राजनांदगाव अशा सगळ्या वाटा तुडवाव्या लागतात. अशा वेळी कुणा हौशी माणसाने घरी चिकटवलेली कात्रणवही सरकारी दप्तराइतकीच मोलाची ठरते, असं माझं ठाम मत आहे.

या कागदांतला माझा सर्वांत आवडता कोपरा पंडित श्रीकृष्ण नारायण रातंजनकरांचा. मुंबईत वाढलेले, संगीतशास्त्रज्ञ भातखंड्यांचे पट्टशिष्य, बडोद्याला फैयाज खाँसाहेबांकडे तालीम घेतलेले. लखनौचं मॅरिस संगीत कॉलेज त्यांनी 1928 पासून जवळजवळ तीन दशकं सांभाळलं. के. जी. गिंडे, एस. सी. आर. भट, दिनकर कायकिणी, सुमती मुटाटकर हे सारे त्यांचे शिष्य. 1957 मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं आणि त्याच वर्षी ते खैरागढला कुलगुरू म्हणून आले. एवढा मोठा माणूस, लखनौसारखं शहर सोडून आमच्या दुर्ग जिल्ह्यातल्या एका छोट्या संस्थानी गावात! तेव्हा त्याच जिल्ह्यात, भिलाईत, पोलाद कारखाना उभा राहत होता. 4 फेब्रुवारी 1959 ला राष्ट्रपती राजेंद्र प्रसादांनी पहिल्या झोतभट्टीचं उद्घाटन केलं. भट्टीचे फोटो घरोघरी जपलेले आहेत. रातंजनकरांच्या खैरागढमधल्या दिवसांचा एखादा कागद सापडला तर माझी दिवाळी होते. ‘सुजन’ या नावाने बंदिशी रचणाऱ्या या माणसाने तिथे कोणत्या संध्याकाळी काय गायलं, साथीला कोण होतं, हे फक्त कार्यक्रमपत्रिकाच सांगू शकते.

जुन्या ट्रंकांत आणखी एक जोडी भेटते. भातखंड्यांची ‘क्रमिक पुस्तक मालिका’ मुळात मराठीत लिहिलेली; इथल्या विद्यार्थ्यांच्या हाती पडतो तो हाथरसच्या संगीत कार्यालयाने काढलेला हिंदी अनुवाद. आजोबांची मराठी प्रत आणि नातीची हिंदी प्रत एकाच कपाटात दिसली की दोन्ही प्रतींच्या समासातल्या पेन्सिलीच्या खुणा मी अधाशासारख्या वाचतो. लता मंगेशकरांना 1980 मध्ये खैरागढने मानद डी.लिट. दिली, त्या समारंभाचे कागदही मराठी घरांनी विशेष मायेने जपायला हवेत.

आता जपणुकीबद्दल, कारण हे कागद फार लवकर जातात. वर्तमानपत्राचा कागद लाकडाच्या लगद्याचा. त्यातलं लिग्निन उजेडात पिवळं पडतं, आम्ल तयार होतं, कागद घडीवर तुटतो. आपल्याकडे वर्तमानपत्री कागदाची पहिली गिरणी तेव्हाच्या मध्य प्रदेशातली, नेपानगरची. नेहरूंनी 1956 मध्ये तिचं उद्घाटन केलं. तेव्हा बांबू आणि सालईपासून हा कागद बनायचा. कात्रणावर सेलोटेप लावू नये, टाचणी ठेवू नये, आणि लॅमिनेशन तर मुळीच करू नये. प्लास्टिक पुन्हा सुटत नाही आणि आम्ल आतच कोंडून राहतं. कात्रण सपाट ठेवावं, दोन कात्रणांमध्ये आम्लरहित कागद घालावा, चांगल्या कागदावर झेरॉक्स काढून रोजची हाताळणी तिचीच करावी. पावसाळ्यात भिलाईची दमट हवा आणि वाळवी, दोघींपासून सांभाळायचं तर कपाट भिंतीपासून वीतभर पुढे हवं.

सर्वांत मोठं नुकसान कात्रीच करते. बातमी कापताना वर्तमानपत्राचं नाव आणि तारीख वरच राहून जाते. म्हणून शक्य असेल तर अख्खं पान ठेवावं, नाहीतर मागे पेन्सिलीने नाव-तारीख लिहावी. तारीख नसलेलं कात्रण घरात असेल तर ते टाकून देऊ नका. उलटं करा. मागच्या बाजूला सिनेमाची जाहिरात, सोन्याचा भाव, क्रिकेटची धावसंख्या, निविदेची अंतिम तारीख, काहीतरी अर्धवट छापलेलं असतंच. कसोटी सामन्याचा तिसरा दिवस असेल तर अंक नेमका कुठला हे ठरवता येतं, आणि मग त्या दिवशी खैरागढच्या दरबार सभागृहात कोण गात होतं हेही.