नवा रेडिएटर आणि आत अडकलेली हवा

घाटाच्या कडेला, चाकाखाली दगड लावून, केबिन पुढे कलती करून उभा असलेला ट्रक आपण सगळ्यांनीच पाहिला आहे. मे महिना असतो, कसारा किंवा खंबाटकीचा चढ असतो, आणि क्लीनर पोरगा डबा घेऊन पाणी शोधत फिरत असतो. एसटीच्या खिडकीतून आपण ‘गाडी तापली वाटतं’ म्हणतो आणि पुढे जातो. गाडी तापली म्हणजे नेमकं काय झालं? आणि नवा कोरा रेडिएटर बसवूनही कधीकधी ती आठवडाभरात पुन्हा का तापते? आज त्याबद्दल बोलायचं आहे. मी कवितेचा माणूस. पण माझ्या मामूंचा हात रेडिएटर दुरुस्तीत झिजला, आणि बी.ए. होईपर्यंत माझ्या बहुतेक सुट्ट्या त्यांच्या दुकानात गेल्या. म्हणून हे धाडस.

इंजिनात डिझेल जळतं तेव्हा त्यातली सगळी उष्णता चाकापर्यंत पोचत नाही. काही धुराबरोबर बाहेर जाते आणि साधारण पाव ते एक तृतीयांश उष्णता पाण्याला वाहून न्यावी लागते. पंप हे पाणी इंजिनभर फिरवतो. ते पुरेसं गरम झालं की थर्मोस्टॅट नावाचा छोटा पहारेकरी दार उघडतो आणि पाणी रेडिएटरच्या बारीक नळ्यांत शिरतं. वारा त्या नळ्यांना लागतो, पाणी निवतं आणि परत इंजिनात जातं. १९०१ च्या मर्सिडीज गाडीसाठी विल्हेल्म मायबाख यांनी मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर बनवला. त्यात आठ हजारांहून अधिक छोट्या नळ्या होत्या. उष्ण पाण्याला वाऱ्याशी भेटायला जितकी जास्त जागा द्यावी, तितकं ते लवकर निवतं, हे त्यामागचं सूत्र आजही तेच आहे. घाटात मात्र इंजिनावर भार पुरा आणि वेग बैलगाडीचा. समोरून वारा मिळत नाही, सगळी भिस्त पंख्यावर. म्हणून रेडिएटरचं दुखणं घाटातच उघडं पडतं.

पूर्वीचे रेडिएटर तांब्या-पितळेचे. गळती लागली की मामू तो पाण्याच्या हौदात बुडवायचे, हवा भरायचे आणि जिथून बुडबुडे येतील तिथे डाख द्यायचे. आता बहुतेक रेडिएटर अ‍ॅल्युमिनियमचे, त्यांना प्लास्टिकच्या टाक्या. टाकीला तडा गेला की बहुधा बदलणंच भाग पडतं. जुना रेडिएटर मरतो तो अनेकदा पाण्यामुळेच. बोअरचं जड पाणी वर्षानुवर्षं ओतलं की चहाच्या भांड्यात धरतो तसा पांढरा थर नळ्यांत धरतो. ‘आपल्याकडे कुठे बर्फ पडतो, कूलंट कशाला?’ असं ड्रायव्हर मंडळी म्हणतात. पण कूलंट पाणी गोठू देत नाही एवढंच त्याचं काम नाही. ते गंज रोखतं आणि पाण्याचा उत्कलनबिंदूही वाढवतं.

बदलण्याचं काम सुरू होतं ते थांबण्यापासून. इंजिन पूर्ण थंड होईपर्यंत झाकणाला हात लावायचा नाही. हे झाकण पाणी दाबाखाली ठेवतं. वातावरणाच्या दाबावर आणखी तेवढाच दाब चढवला तर पाणी १०० ऐवजी सुमारे १२० अंशांना उकळतं. झाकणाचा दाब थोडा कमी-जास्त असेल, तत्त्व तेच. गरम असताना झाकण उघडलं की दाब एकदम उतरतो, आतल्या पाण्यातल्या काही भागाची क्षणात वाफ होते, आणि वाफेला पाण्याच्या सोळाशे-सतराशे पट जागा लागते. ती उसळते उघडणाऱ्याच्या तोंडावर. आणि झाकण उघडणारा बहुधा क्लीनर असतो, पंधरा-सोळा वर्षांचा. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतणंही तितकंच वाईट, त्याने हेडला तडा जाऊ शकतो.

गाडी थंड झाली की खालची तोटी उघडून पाणी घमेल्यात घ्यायचं. गटारात सोडायचं नाही. कूलंटमधलं इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि विषारी असतं. कुत्री ते चाटतात, पोरंही चाटू शकतात. मग वरचा आणि खालचा होज पाइप सोडवायचा, पंख्याभोवतीचं आवरण काढायचं, बाजूचे बोल्ट काढून दोघांनी मिळून रेडिएटर उचलायचा. नवा आणि जुना शेजारी ठेवून तोंडं, मापं, बोल्टच्या जागा ताडून पाहायच्या. खालची रबरं, होज आणि क्लिपा जीर्ण असतील तर त्याही बदलायच्या. झाकणही नवं घ्यायचं, पण कंपनीने सांगितलेल्या दाबाचंच. इंजिनातला गाळ स्वच्छ पाण्याने धुऊन काढल्याशिवाय नवा रेडिएटर जोडणं म्हणजे त्याच्या नळ्या बुजवण्याची तयारी करणं.

इथे बहुतेकांना वाटतं, काम संपलं. खरं काम इथून पुढे. रिकाम्या इंजिनात भराभर पाणी ओतलं की हवेला बाहेर पडायला वाट राहत नाही. ती वर चढते आणि सगळ्यात उंच जागी, म्हणजे नेमकी हेडमध्ये, दबा धरून बसते. उष्णता वाहून नेण्यात हवा पाण्यापेक्षा कितीतरी दुबळी. त्यामुळे तेवढाच भाग भाजत राहतो. काट्याला खबर देणारा सेन्सर त्या हवेत सापडला तर काटा खोटं बोलतो, इंजिन तापलेलं असताना सगळं ठीक दाखवतो. रेडिएटर तोंडापर्यंत भरलेला, तरी गाडी गरम, आणि आतून खुळखुळ आवाज, ही हवेची खूण.

ती काढायची तर गाडीचं तोंड किंचित चढावर ठेवायचं, म्हणजे रेडिएटरचं तोंड सगळ्यात उंच येतं. थर्मोस्टॅटजवळ हवा सोडायचा स्क्रू असेल तर तो सैल करायचा. केबिनमध्ये हीटर असेल तर त्याची कळ ‘गरम’वर. मग बारीक धारेने कूलंट ओतायचं. स्क्रूतून आधी फसफस येते, मग बुडबुडे मिसळलेली धार, आणि शेवटी अखंड धार. तेव्हा स्क्रू आवळायचा. कंपनीच्या पुस्तकात तसं सांगितलं असेल तर झाकण न लावता थंड इंजिन संथ चालू करायचं. थर्मोस्टॅट उघडला की वरचा पाइप गरम होतो आणि पातळी झटकन उतरते. तेवढं कूलंट पुन्हा भरायचं. बुडबुडे थांबले की झाकण. एक चक्कर मारून गाडी रात्रभर थंड होऊ द्यायची, सकाळी पातळी पुन्हा पाहायची. बुडबुडे थांबतच नसतील तर प्रकरण वेगळं आहे. बहुधा हेड गॅस्केट फुटून जळलेला वायू पाण्यात शिरतो आहे.

मामू पोरांना म्हणायचे, ‘‘घाई नक्को, पानी कू उसकी जागा लेने दे.’’ पण घाई सगळ्यांनाच असते. मालकाचा फोन वाजत असतो, माल पोचायचा असतो, गॅरेजच्या दारात दुसरी गाडी उभी असते. बिलात रेडिएटरची किंमत असते, मजुरी असते, ‘हवा काढण्याचे’ असं कलम मी कधी पाहिलेलं नाही. ज्याचे पैसे मिळत नाहीत तेच काम आधी गाळलं जातं. त्या वाचवलेल्या तासापायी हेड वाकलं तर एकाच गाडीवर पोट असणाऱ्याचे कर्जाचे हप्ते तुंबतात, आणि ड्रायव्हर-क्लीनर रात्रभर घाटाच्या वळणावर, धावत्या गाड्यांच्या उजेडात अडकून पडतात.

तेव्हा गाडी ट्रकची असो की घरची, रेडिएटर बदलून घेतला की पैसे देण्याआधी मिस्त्रीला एकच प्रश्न विचारा, ‘‘हवा काढली का?’’ आणि तो ‘‘अजून तासभर लागेल’’ म्हणाला, तर त्याच्यावर चिडू नका. चहा मागवा, त्यालाही द्या, आणि त्या तासाचे पैसे आनंदाने मोजा.