दहा हात, एक डाव : यंत्रावरील पोकरचे गणित

पत्त्यांचा खेळ आपल्या सीमाभागाला नवा नाही. गणपतीचे जागरण, दिवाळीची सुट्टी, लग्नघरातील रिकामी दुपार, असे काही निमित्त मिळाले की कोणीतरी कॅट बाहेर काढतो आणि मेंढीकोट, झब्बू, बदाम सात किंवा रमीचा डाव मांडला जातो. मराठीत ‘इस्पिक’ म्हणजे पत्त्यांच्या चार चिन्हांपैकी एक; पण आपल्या कन्नड विभागातील मित्रांना विचारा, त्यांच्या लेखी ‘इस्पीट’ म्हणजे सगळेच पत्ते! दोन्ही भाषांत पत्ते असे मुरलेले आहेत.

आता हा कॅट मोबाईलच्या पडद्यावर आला आहे. टिळकवाडीत कॉलेज सुटल्यावर चहाच्या गाड्यापाशी चारजण उभे असले, तर त्यांतल्या एखाद्याच्या हातात तो दिसतो. त्यातलाच एक प्रकार म्हणजे यंत्राशी खेळायचा पोकर, आणि त्याचे अलीकडचे रूप म्हणजे एकाच वेळी अनेक हात खेळण्याचा पोकर. मी संख्याशास्त्र शिकवतो. त्यामुळे एक प्रश्न मला वर्गात एकाहून अधिक वेळा विचारला गेला आहे : “सर, एका हाताऐवजी दहा हात खेळले तर हरण्याची शक्यता कमी होते ना?” प्रश्न चांगला आहे. संभाव्यताशास्त्राचा जन्मच अशा प्रश्नातून झाला. १६५४ साली पास्कल आणि फर्मा या फ्रेंच गणितज्ञांनी अर्धवट राहिलेल्या जुगाराच्या डावातील पैशांची वाटणी कशी करावी यावर पत्रव्यवहार केला आणि त्यातून या शास्त्राचा पाया घातला गेला. तेव्हा प्रश्नाला नाक न मुरडता त्याचे उत्तर शोधू.

खेळ कसा चालतो?

हे यंत्र अमेरिकेतील नेवाडा राज्यात १९७० च्या दशकाच्या अखेरीस रुळले. यंत्र ५२ पानांच्या कॅटातून पाच पाने देते. त्यांतील हवी ती ठेवायची, नको ती टाकायची. टाकलेल्यांच्या जागी उरलेल्या ४७ पानांतून नवी पाने येतात, आणि अखेरीस जी पाच पाने जमतात त्यांवर बक्षीस ठरते. बदलण्याची संधी एकदाच. या पाच पानांच्या संचाला ‘हात’ म्हणतात. (मेंढीकोटात आपण ‘हात केला’ म्हणतो, तो हात निराळा.) समोर माणूस नसल्यामुळे हूल देणे, चेहरा निर्विकार ठेवणे ही खऱ्या पोकरची कला येथे निरुपयोगी ठरते. येथे सामना असतो तो एका छापील तक्त्याशी.

‘जॅक्स ऑर बेटर’ या सर्वांत प्रचलित प्रकाराचा तक्ता असा असतो. गुलाम, राणी, राजा किंवा एक्का यांची जोडी जमली तर लावलेले नाणे परत. दोन जोड्यांना २ नाणी. तीन सारख्या पानांना ३. ओळीच्या पाच पानांना, म्हणजे सिक्वेन्सला, ४. एकाच चिन्हाच्या पाच पानांना, म्हणजे तीन पत्तीत आपण ज्याला ‘कलर’ म्हणतो त्याला, ६. तीन सारखी अधिक एक जोडी, म्हणजे फुल हाउस, याला ९. चार सारख्यांना २५. एकाच चिन्हाच्या सिक्वेन्सला ५०. आणि एकाच चिन्हाची दहापासून एक्क्यापर्यंतची पाच पाने आली की ‘रॉयल फ्लश’ : २५०. मात्र पाच नाणी लावलेली असतील तर रॉयलला प्रत्येक नाण्यामागे ८०० मिळतात. म्हणूनच जाणकार नेहमी पाच नाणी लावतात.

प्रत्येक पान ठेवायचे की टाकायचे, असे दोन पर्याय. म्हणून पाच पानांचे २ चा पाचवा घात, म्हणजे ३२ पर्याय होतात. प्रत्येक पर्यायाची सरासरी मिळकत काढून जी सर्वांत मोठी ती निवडणे, हेच या खेळातले कौशल्य. एक उदाहरण घेऊ. हातात बदामची तिरी, छक्की, अठ्ठी, दश्शी आणि इस्पिकची छक्की आहे. छक्क्यांची जोडी ठेवावी, की चार बदाम ठेवून पाचव्याची वाट पाहावी? चार बदाम ठेवले तर उरलेल्या ४७ पानांत ९ बदाम आहेत. बक्षीस ६ नाणी. म्हणून सरासरी ५४ भागिले ४७, म्हणजे सुमारे १.१५ नाणी. जोडी ठेवून तीन पाने बदलली तर सरासरी पडते ०.८२. म्हणून जोडी मोडावी. परंतु तीच जोडी गुलामांची असती तर तिची सरासरी १.५४ झाली असती, आणि ती मोडणे चूक ठरले असते.

प्रत्येक वेळी असा अचूक निर्णय घेतला आणि दर वेळी पाच नाणी लावली, तर वरील तक्त्यात १०० रुपयांमागे सरासरी ९९ रुपये ५४ पैसे परत मिळतात. तक्त्यात फुल हाउसला ९ ऐवजी ८ आणि कलरला ६ ऐवजी ५ असा किरकोळ दिसणारा बदल केला की हा आकडा ९७ रुपये ३० पैशांवर उतरतो. दोन्ही आकडे शंभराच्या खाली आहेत, हे लक्षात घेतले पाहिजे. कौशल्याने तोटा कमी होतो. या तक्त्यातून नफा निर्माण होत नाही. अभ्यास करून खेळणारा या मर्यादेपर्यंत पोचतो, न करणारा तिच्याही खाली राहतो.

एकाचे दहा

आता अनेक हातांकडे वळू. समजा दहा हातांचा खेळ आहे. पैसे आधीच दहा हातांचे लावायचे. पहिली पाच पाने एकाच हातात उघडी पडतात. त्यांतली जी आपण ठेवू ती उरलेल्या नऊही हातांत जशीच्या तशी उमटतात. मग प्रत्येक हाताला त्याच्या स्वतःच्या, स्वतंत्र पिसलेल्या ४७ पानांतून नवी पाने मिळतात. सुरुवात एक, शेवट दहा.

प्रत्येक हाताची सरासरी एकट्या हाताइतकीच असल्यामुळे कोणती पाने ठेवावीत याचे उत्तरही तेच राहते. शंभराला ९९.५४ चे ९९.५५ सुद्धा होत नाहीत. बदलतो तो फक्त चढउतार. पन्नास रुपये एकाच हातावर लावण्यापेक्षा दहा हातांवर पाच-पाच रुपये लावले तर निकाल कमी हेलकावे खातो, हे खरे. पण दहा अगदी वेगळ्या डावांइतका तो स्थिर नसतो, कारण आरंभीची पाने सर्वांना सामाईक असतात. ती वाईट आली की दहाही हात एकदम अडचणीत येतात.

जिंकल्याचा भास

तर मग दहा हात खेळणाऱ्याला आपण वारंवार जिंकतो आहोत असे का वाटते? वरची छक्क्यांची जोडीच घेऊ. फक्त चार बदामांचा पर्याय नाही असे समजू, म्हणजे जोडी ठेवणेच योग्य. तीन पाने बदलल्यावर बक्षीसपात्र काही जमण्याची संभाव्यता सुमारे ०.२८७ आहे. एकच हात असेल तर शंभरातून ७१ वेळा हाती काही लागत नाही, आणि हरल्याचे सरळ कळते. दहा हात असतील तर दहाही फुकट जाण्याची संभाव्यता ०.७१३ चा दहावा घात, म्हणजे सुमारे ०.०३४. याचा अर्थ शंभरातून ९६ ते ९७ वेळा पडद्यावर कुठे ना कुठे बक्षीस चमकते, घंटी वाजते.

पण किती मिळते? सर्वसाधारणपणे दहांतले तीन हात लागतात. दोन हातांत दोन-दोन जोड्या, म्हणजे ४ नाणी. एका हातात तीन सारखी, म्हणजे ३ नाणी. पडद्यावर अक्षरे झळकतात : आपण ७ जिंकलात! लावली होती १०. म्हणजे तीन नाणी गेली, आणि अभिनंदन मात्र झाले. अशा सुरुवातीची दीर्घ सरासरीही दहाला ८.२ च भरते. चांगल्या सुरुवातीच्या डावांत यातले बरेचसे भरून येते, सगळे येत नाही. माझ्या मते दहा हातांच्या खेळाची खरी करामत ही आहे. तो हरण्याची शक्यता कमी करीत नाही. हरल्याची जाणीव कमी करतो.

उलाढालीचा हिशेब

दुसरी गोष्ट वेगाची. एक नाणे एक रुपयाचे धरा. पाच नाणी, दहा हात : एका डावाला ५० रुपये. बोटे सरावली की तासाला ४०० डाव सहज होतात. म्हणजे तासाची उलाढाल २०,००० रुपये. उत्तम तक्ता आणि अचूक खेळ असेल तर सरासरी तोटा तासाला ९२ रुपये. आठ-पाचच्या तक्त्यात ५४० रुपये. एकच हात खेळणाऱ्याचा तोटा याच हिशेबाने ९ आणि ५४ रुपये होतो. टक्केवारी तीच, रक्कम दसपट.

त्या ९२ रुपयांतही एक खोच आहे. अचूक खेळात रॉयल फ्लश सरासरी सुमारे ४०,००० हातांतून एकदा येतो, आणि शंभरातले जवळजवळ दोन रुपये त्या एकट्याच्या जोरावर परत येतात. तो आला नाही तोवर उत्तम तक्त्यावरही तासाला सुमारे ४९० रुपये जात राहतात. मेसचे पैसे घेऊन बसलेला विद्यार्थी रॉयल येईपर्यंत टिकेलच असे नाही.

आपल्या परिचयाच्या मटक्याशी तुलना केली तर मुद्दा अधिक स्पष्ट होईल. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातील भावांवर लागणाऱ्या पैजांतून निघालेला हा आकड्यांचा जुगार १९६० च्या दशकात मुंबईत कल्याणजी भगत आणि रतन खत्री यांनी वाढवला, आणि पुढे निपाणी-बेळगावापर्यंत पोचला. कन्नड बोलणारे त्यालाच ‘ओ.सी.’, म्हणजे ओपन-क्लोज, म्हणतात. दहा आकड्यांपैकी एकावर रुपया लावायचा, लागला तर नऊ घ्यायचे, हा त्याचा रूढ भाव. म्हणजे शंभराला नव्वद परत. टक्केवारीने पाहिले तर पोकरचे यंत्र मटक्यापुढे अगदी सज्जन वाटते. पण मटक्याच्या एका बाजाराचा ओपन आणि क्लोज दिवसातून एकेकदाच फुटतो. त्यावर रोज ५० रुपये लावणारा सरासरीने रोज ५ रुपये गमावतो. ‘सज्जन’ यंत्र तासाभरात त्याच्या शंभरपटीहून अधिक नेऊ शकते. जुगाराचा दर पाहताना त्याचा वेगही पाहिला पाहिजे, तो असा.

पाने वाटतो कोण?

येथवरचे सगळे गणित एका गृहीतावर उभे आहे : कॅट खरा आणि नीट पिसलेला आहे. नेवाडात यंत्रातील पानांची संभाव्यता खऱ्या कॅटाप्रमाणेच असावी असा नियम आहे आणि यंत्रांची तपासणी होते. परक्या देशातून चालणाऱ्या, कोणाच्याच परवान्याखाली नसलेल्या खेळात मात्र पाने कोण पिसतो, कशी पिसतो, हे खेळणाऱ्याला कळण्याचा मार्ग नाही. तक्ता नऊ-सहाचा दाखवला म्हणून परतावा ९९.५४ मिळेलच असे म्हणता येत नाही. तक्रार घेऊन जायचे तरी कोणाच्या दारात?

कायद्याची बाजू

सीमेपलीकडून येणारा पैशांचा खेळ हा प्रश्न कायद्यालाही जुनाच आहे. बंगळूरहून निघणाऱ्या ‘स्पोर्टिंग स्टार’ या पत्रातील बक्षिसांच्या कोड्यांना त्या वेळच्या मुंबई राज्यातून पैसे जात. त्यावर मुंबई राज्याला कर लावता येतो, आणि जुगार हा घटनेने संरक्षण दिलेला व्यापार नव्हे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९५७ साली चमारबागवाला खटल्यात दिला. १९६८ साली त्याच न्यायालयाने रमीला मुख्यतः कौशल्याचा खेळ ठरवले. कर्नाटकाने २०२१ साली पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली. त्यातील मुख्य तरतुदी कर्नाटक उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये रद्द केल्या. त्यानंतर ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने देशभरासाठी कायदा संमत केला. त्यात कौशल्य की नशीब हा भेदच ठेवलेला नाही. पैसे लावून खेळायचा कोणताही ऑनलाइन खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक कोटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही; जाहिरात करणाऱ्यालाही शिक्षा. खेळणाऱ्याला त्यात शिक्षा नाही. पण चोरवाटेने खेळणाऱ्याच्या बुडालेल्या पैशांना संरक्षणही नाही. चोर्ला घाट उतरून गोव्यात गेले की मांडवीतील कॅसिनोच्या बोटींना तेथील राज्याचा परवाना आहे, ही गोष्ट वेगळी. गणित मात्र घाट उतरल्याने बदलत नाही.

करून पाहा

खेळ शिकायलाच हवा असेल तर पैशांची गरज नाही. पाच मित्रांनी पाच कॅट आणि मूठभर चिंचोके घ्यावेत. एकाने पाच पाने वाटून घ्यावीत. कोणती ठेवायची हे सर्वांनी मिळून ठरवावे, हवे तर त्यावर वाद घालावा. मग प्रत्येकाने आपल्या कॅटातून तीच पाच पाने बाजूला काढून उरलेली ४७ पिसावीत आणि हवी तेवढी नवी पाने घ्यावीत. झाला पाच हातांचा पोकर. वहीत मात्र दोनच रकाने ठेवावेत : ‘लावले’ आणि ‘मिळाले’. ‘जिंकलो’ असा तिसरा रकाना ठेवू नये. दोनशे डाव झाले की दोन्ही रकान्यांच्या बेरजा कराव्यात. बेरीज कधी वरचढही येईल, दोनशे डावांत तेवढा चढउतार असतोच. म्हणून दुसऱ्या दिवशी आणखी दोनशे करावेत, आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा. चिंचोक्यांचा ढीग हळूहळू कोणीकडे सरकतो ते डोळ्यांना दिसेल.